मधून सुरू झालेली गोधडी

सुभद्राबाईच्या हातची गोधडी काय चीज होती, हे आता सांगून कुणाला पटायचं नाही. एका माघात आमच्या मोशीत थंडी आली, घरोघर फिरली, आणि जिथं जिथं सुभद्राबाईची गोधडी होती तिथल्या उंबऱ्यावरून मुकाट माघारी वळली. शेवटी बिचारी थंडी कुठं जाणार? देवळात निगडीचा एक पाहुणा उतरला होता, त्याच्या अंगावर सगळी मिळून जाऊन बसली. चैत्र उजाडला तरी त्याचे दात वाजत होते. भजनी मंडळानं त्या महिन्यात टाळ काढलेच नाहीत. खोटं वाटत असेल तर निगडीला जाऊन विचारा. ज्यांना विचारायचं ते आता हयात नाहीत, ही गोष्ट वेगळी.

त्या सुभद्राबाईचा उजवा हात मोटेच्या नाड्यात सापडला आणि सगळं थांबलं. हाडं जुळली, पण अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं वाळल्या शेंगेसारखी ताठ राहिली. त्या बोटांना ऊन कळायचं नाही, गार कळायचं नाही. तळव्यानं भाकरी थापता यायची, मनगटात घागर अडकवता यायची, पण चिमूट बसायची नाही. आणि चिमूट बसली नाही तर सुई धरायची कशी?

आमचं आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लागून होतं, त्यामुळे पुढचं सगळं मला मधल्या भिंतीनं सांगितलं आहे. जे भिंतीनं सांगितलं नाही ते मी डोळ्यांनी पाहिलं, आणि उरलेलं थोडंफार मी जुळवून घेतलं आहे.

साल पंचावन्न किंवा छप्पन्न. पिंपरीकडे नवे कारखाने उभे राहत होते. आमच्याकडे मात्र कांदा, ज्वारी आणि इंद्रायणी, एवढंच होतं. सुभद्राबाईची एकुलती एक लेक सुमन चाकणला दिली होती. पहिलटकरीण म्हणून डोहाळजेवण करून माहेरी आणायचं ठरलं, आणि त्या डोहाळजेवणातच ठिणगी पडली.

सुमनची सासू रुक्मिणीबाई. चाकणच्या बाजारात कांदा मापताना तराजू जरा जरी कलला, तर लोक या बाईंना बोलावून आणायचे. त्या नुसत्या बघायच्या आणि पारडं आपोआप सरळ व्हायचं. जेवणं झाल्यावर, ओटी भरायच्या आधी, त्या चार बायकांत सुभद्राबाईला म्हणाल्या, "विहीणबाई, आमच्या घरची रीत ठाऊक हाय न्हवं?"

"ठाऊक हाय की."

"बाळबाळंतीण आमच्या दारात येती ती आईच्या हातच्या गोधडीतनं. इकत आणल्याली न्हाई, कुणाकडनं शिवून घेतल्याली न्हाई. बारशाला ती पाळण्याखाली पसरायची, आन मग संगं घेऊन यायचं." एवढं बोलून त्यांनी सुभद्राबाईच्या पदराआड लपलेल्या हाताकडं पाहिलं. "हात कसा हाय?"

"हाय तसा हाय."

"मग आत्ताच सांगून ठेवते, मागनं वाईटपणा नको. गोधडीत दुसऱ्या बाईचा एक टाका जरी घावला, तर ही पोर पुन्यांदा मोशीचा उंबरा बघायची न्हाई. माझ्या थोरल्या सुनंला इचारा."

थोरल्या सुनेला विचारायची गरज नव्हती. तिच्या आईनं शेजारणीकडून अर्धी गोधडी शिवून घेऊन आपली म्हणून पुढं केली होती. रुक्मिणीबाईंनी मागच्या बाजूनं बोटं फिरवली आणि टाके दोन हातांचे आहेत हे सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हापासून थोरली माहेरी गेली नव्हती. सख्ख्या भावाच्या लग्नालासुद्धा नाही. त्यामुळे ही बाई बोलते ते करते, याबद्दल मोशीत कुणाला शंका उरली नाही.

घरी आल्यावर सुमन म्हणाली, "आई, ऱ्हाऊ दे गं ती गोधडी. मी न्हाई येत म्हायेरला, झालं." आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

सुभद्राबाईनं डाव्या हातात सुई धरली. टाके कसे पडले म्हणाल, तर चिखलातून कोंबडी चालत गेल्यासारखे. आणि वेग असा, की गोधडी पुरी व्हायच्या आत नातवंडाला मिसरूड फुटलं असतं. एके सकाळी तिनं ती सुई भिंतीच्या भेगेत खोचून ठेवली.

त्याच आठवड्यात मी कांदे घेऊन चिंचवडला गेलो होतो. तिथं नूरमोहम्मद दर्जी माझा दोस्त. त्याच्याकडे दोन पायमशिनी होत्या, एक नवी, एक जुनी. जुनी चालायला लागली की गल्लीतली शेरडं बावचळून जायची. मी सहज सुभद्राबाईची हकिकत सांगितली आणि म्हटलं, "ती जुनी मशीन थोडे दिवस दे."

"भाऊ, काय बोलताय? मशीन म्हंजे दर्ज्याची बायको. कुणी उसनी देतंय काय?"

आतून त्याच्या बायकोचा, जमिलाचा आवाज आला, "मग मला द्या धाडून. मशीन ऱ्हाऊ द्या घरात."

नूरमोहम्मदनं डोकं खाजवलं. जमिला बाहेर आली. "आपली पोर गुलशन कुणाच्या गोधडीत वाढली? ताप आला का तीच गोधडी मागत हुती. आता त्या बाईची लेक तुटायची येळ आली, आन तुमी मशीन कवटाळून बसताय?"

"बरं, बरं. पण बारशाच्या दिवशी सकाळी मी न्यायला येणार. कारखान्याच्या खाकी कपड्यांचं काम येतंय. दोन्ही मशिनी लागतील मला. एक घटका उशीर चालायचा न्हाई."

सुमन बाळंत झाली, मुलगी झाली, आणि दुसऱ्या दिवशी मी माझ्या गाडीतून मशीन मोशीला आणली. जमिला शिकवायला बरोबर आली. मशीन ओसरीवर ठेवली तेव्हा आतल्या अंधाऱ्या खोलीतून सुमननं विचारलं, "मशीनवर शिवल्यालं सासूबाईंना चालंल?"

सुभद्राबाई म्हणाली, "पाय माझं, हात माझा. आणिक काय पायजे?" पण आवाजात जोर नव्हता.

आपल्या सासूची दोन मऊ झालेली लुगडी वरखाली आणि मध्ये धोतरांचे थर, असं तिनं जमिनीवर पसरलं. थर सरकू नयेत म्हणून आधी कच्चे टाके घालावे लागतात. तेही दुसरीच्या हातानं घालून चालणार नव्हतं, न जाणो एखादा राहून गेला तर! मग तिनं डाव्या हातानं बाभळीचे लांब काटे खोचून थर एकमेकांना अडकवले. गोधडी साळिंदरासारखी दिसायला लागली.

आता आमच्याकडे गोधडी शिवायची एकच रीत. काठापासून सुरुवात करायची, चौफेर फिरत फिरत आत यायचं आणि शेवटचा टाका मधोमध घालायचा. सुभद्राबाईनं आयुष्यभर तसंच केलं होतं. मशीनवरही तिनं काठच धरला. पहिली बाजू नीट गेली. कोपऱ्यावर आल्यावर सगळी गोधडी सुईखाली वळवायची होती. डाव्या हातानं ओढलं, उजवा नुसता घसरत राहिला, गोधडीचं वजन एका अंगाला गेलं आणि सुई कडकन मोडली.

जमिलानं दुसरी सुई लावून दिली. पुन्हा कोपरा, पुन्हा ओढाताण. अशा हिसक्यांनी दोन दिवस ती फिरत फिरत आत आली, आणि तेव्हा खरी गोम कळली. मशीन वरचं लुगडं जरा जरा पुढं ढकलत होती. चारी बाजूंनी ढकललेलं सगळं कापड मधे गोळा झालं आणि मधोमध एक भलामोठा फुगा उभा राहिला. घरातलं मांजर त्याला घूस समजून दबा धरून बसलं. उठायला तयार नाही. शेवटी त्याला दूध तिथंच नेऊन द्यावं लागलं.

हातानं शिवताना असला फुगा बोटांनी दाबत दाबत जिरवता येतो. मशीनला बोटं नाहीत. आणि सुभद्राबाईला असून नसल्यासारखी.

"उसवायला तरी मी लागते," सुमन उठून बसली.

"उसव. उसवण्याबद्दल तुझी सासू काय बोलली न्हाई," सुभद्राबाई म्हणाली. मायलेकींनी दिवसभर टाके उसवले.

मधे चिंचवडला जाऊन जमिला परत आली तेव्हा तिनं दर्ज्याची रीत दाखवली. रजईवर ती वेलबुट्टी काढायची. दोन्ही पंजे कापडावर पसरायचे, मशीन पळवायची आणि कापड पाण्यावर तरंगल्यासारखं इकडं तिकडं फिरवायचं. एका वेगळ्या चिंधीवर तिच्या हाताखाली वेल अशी उमटली की भुंगा येऊन बसला. "बगा, वळवायचं कामच न्हाई. कापड नुसतं फिरवायचं."

सुभद्राबाई बसली. पाय चालले. वेल निघाली ती थेट पुरात वाहून निघालेल्या वेलीसारखी, मुळं वर, पानं खाली. डावा पंजा कापड फिरवायचा, उजवा त्याला अडवायचा. ती दात आवळून पाय मारत राहिली. मशीन भरात आली आणि जमिला एकदम ओरडली, "आक्का! थांबा! हात!"

लुगड्यावर लाल डाग पसरत होता. सुई ताठ बोटातून आरपार जाऊन आली होती आणि सुभद्राबाईला पत्ताच नव्हता. तिनं डाग पाहिला, मग आपलं बोट पाहिलं. दुखत नव्हतं, तेच भयंकर होतं. जमिलानं हळद दाबली, चिंधी बांधली.

आतून सुमनचा आवाज आला, "आई, बास कर आता. तुला माझी शपथ हाय."

"शपथ घालू नगंस," सुभद्राबाई म्हणाली. "मला मोडाय लागंल ती."

बारसं तोंडावर आलं होतं. जमिला चिंचवडला परत गेली. जाताना माझ्या गाडीत बसून म्हणाली, "भाऊजी, न्हाई व्हायचं हे. मी माझ्या हातानं एका दिसात शिवून दीन, पण ते चालायचं न्हाई. अशी कसली रीत म्हणायची?" मी बैलांना हाकललं.

इकडे मायलेकींनी ती वाकडी वेल उसवून काढली आणि सुभद्राबाईनं ती अर्धवट गोधडी गुंडाळून ठेवायला घेतली. घडी घालायला दोन धड हात लागतात. म्हणून ती जमिनीवर बसली आणि गोधडी एका बाजूनं कोपरानं ढकलत वळकटीसारखी वळत मध्यापर्यंत आणली. मग दुसऱ्या बाजूनं तशीच. मधे वीतभर पट्टी उघडी राहिली, दोन्हीकडं दोन घट्ट वळकट्या. तिनं त्या पट्टीकडं पाहिलं, आणि तशीच बसून राहिली. चुलीवरचं पिठलं करपल्याचा वास माझ्या घरापर्यंत आला, म्हणून मी डोकावलो तर ती आपल्या नवऱ्याला, उद्धवरावांना, सांगत होती, "ह्यो हात काय करत न्हाई ते समदं गाव सांगतंय. मीबी तेच मोजत बसले. कोपरापातूर धड हाय की ह्यो."

उद्धवराव बैलांशीच काय ते बोलायचे. तरी त्या दिवशी म्हणाले, "मग?"

"मग ही मशीनवर उचलून ठेवा."

त्यांनी दुहेरी वळकटी उचलून मशीनवर ठेवली, मधली उघडी पट्टी सुईखाली. सुभद्राबाईनं उजवा कोपर उजव्या वळकटीवर टेकवला. कोपराच्या भारानं वळकटी हलेना. डावा पंजा पट्टीवर सपाट ठेवला. मशीनचं हातचाक बोटांनी धरून फिरवता येत नव्हतं, तर तिनं कोपर क्षणभर उचलून तळव्याच्या टाचेनं चाकाला एक फटका दिला आणि हात परत वळकटीवर टाकला. चाक तिच्या दिशेनं फिरलं, पायांनी ते उचललं, आणि सुई या काठापासून त्या काठापर्यंत सरळ चालत गेली. वळणं नाही, कोपरा नाही. काठ आला की दोरा दातानं तोडायचा, गोधडी मागं ओढायची, वळकटी एक वळसा उलगडायची, पुन्हा पहिल्या काठापासून सुरुवात. आधी मधली ओळ, मग तिच्या उजवीकडच्या ओळी, मग डावीकडच्या. मशीन कापड ढकलत होती ते आता बाहेर काठाकडं ढकलत होती, आणि काठावर ते आपोआप मोकळं होत होतं. फुग्याला बसायला जागाच उरली नाही. एकेक ओळ पुढं गेली की वाटेतला काटा ती आधी दातानं उपसायची, मग पाय मारायची.

गोधडी मधून सुरू करायची! मोशीत असं कुणी ऐकलं नव्हतं. माझी म्हातारी म्हणाली, हे म्हणजे घराचं आढं आधी बांधण्यासारखं झालं. पण आढं उभं राहत होतं.

त्यानंतर मशीनचा जो खडखडाट सुरू झाला, त्यानं आमच्या भिंतीतली ढेकणं गाव सोडून गेली. माझे बैल त्या तालावर चालायला शिकले. पुढं कित्येक वर्षं मशीनचा आवाज आला नाही की ते गाडी ओढायचे नाहीत. सुभद्राबाईच्या मांड्या भरून आल्या, पाठीला रग लागली. ती थांबली की आतून सुमनचा श्वास थांबायचा. खडखड पुन्हा सुरू झाली की बाळ झोपायचं.

बारशाच्या आदल्या दिवशी जमिला आली, तेव्हा थोड्याच ओळी उरल्या होत्या. तिनं गोधडी उलगडून पाहिली आणि तोंडावर हात ठेवला. मग वाकून म्हणाली, "आक्का, पर हितं बगा. ओळ सुरू हुतीया तिथं डावीकडं झुकतीया. पैल्या चार टाक्यांत. मग सरळ जाती. समद्या ओळींना हाय हे."

"चाकाला फटका देती तवा कोपर उठतो माझा. कापड जरासं हलतं."

"उसवून सरळ करूया?"

सुभद्राबाईनं अंगणातल्या उन्हाकडं पाहिलं. "येळ न्हाई गं."

आणि तिनं पाय मारला.

बारशाच्या सकाळी सगळं शिवून झालं होतं, एक कोपरा सोडून. आमच्या बायका गोधडी उपाशी ठेवत नाहीत. शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा ठेवून तो शिवून टाकतात, म्हणजे ती पांघरणाऱ्याला कधी उपाशी झोपावं लागत नाही. त्या तुकड्याभोवती चौफेर टाका घालावा लागतो. म्हणजे वळणं आली. म्हणजे जे तिला येत नव्हतं तेच शेवटाला उरलं होतं. ते नूरमोहम्मद येण्याआधी उरकू, असं ती म्हणत होती.

पण नूरमोहम्मद उजाडताच दारात हजर. भाड्याची गाडी, सोबत एक हमाल. आणि त्याच्या मागोमाग दुसरी गाडी लागली. तिच्यातून रुक्मिणीबाई उतरल्या. बारसं दुपारचं, आणि बाई सकाळीच! मला अजूनही वाटतं, त्यांनी चाकणहून रात्रीच गाडी जुंपली असावी, उगाच कुणी बेसावध सापडलं तर बरं म्हणून.

नात बघितली, तिच्या कपाळाला बोट लावलं, आणि लगेच म्हणाल्या, "गोधडी आणा."

गोधडी पुढं आली. रुक्मिणीबाईंनी ती उलटी केली. ओसरीवर सगळे उभे. नूरमोहम्मदच्या हमालानं मशीन उचलून गाडीत ठेवली, त्या आवाजाकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही.

"ह्यो टाका मशीनचा हाय," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"व्हय."

"हातच्या टाक्याला बाईची चाल असती. मला ती वळखू येती. मशीनच्या टाक्याला कसली चाल? समदे टाके एका मापाचे." त्यांनी नूरमोहम्मदकडं आणि जमिलाकडं पाहिलं. "दर्जी दारात हुबा हाय. दर्ज्याची बायको घरात हाय. गोधडी तुमी शिवली का ह्येंनी, मी कशावरनं धरू?"

जमिला तडकली. "अल्लाची शप्पत, मी एक टाका—"

"शपथा नगं बाई बारशाच्या घरात. मला माझ्या बोटांनी कळलं पायजे. न्हाई कळलं तर मी काय समजायचं ते समजीन."

दाराच्या आड सुमन उभी होती, बाळ छातीशी. उद्धवरावांनी खाली पाहिलं. आणि सुभद्राबाई म्हणाली, "नूरभाऊ, मशीन खाली घ्या."

"आक्का, मला उशीर—"

जमिलानं नवऱ्याकडं फक्त एकदा पाहिलं. मशीन खाली आली.

"कोपरा ऱ्हायलाय," सुभद्राबाई विहिणीला म्हणाली. "उपाशी हाय गोधडी. तुमच्या म्होरं भरवते."

तिनं भाकरीचा तुकडा कोपऱ्यात सारला. गोधडी वळकटी करून सुईखाली आली. रुक्मिणीबाई मशीनशेजारी येऊन उभ्या राहिल्या, इतक्या जवळ की त्यांच्या पदराचा वारा चाकाला लागत होता. ओसरीवर माशी फिरली असती तर तिचा आवाज आला असता. पण माश्यासुद्धा त्या दिवशी कुठंतरी बसून बघत होत्या.

तळव्याचा फटका बसला. चाक फिरलं. सुई काठावरून निघाली, तुकड्याच्या कडेनं गेली. चार टाके, पाच टाके. मग टक् असा आवाज झाला. सुई सुक्या भाकरीवर बसली होती. एक जोर आणि मोडली असती, आणि दुसरी सुई नव्हती. मला वाटलं, संपलं. सुभद्राबाईचे पाय जागच्या जागी थांबले. तिनं चाकावर तळवा टेकला आणि हलकेच उलटं रेटलं. सुई वर आली. तिनं तुकडा डाव्या बोटानं नखभर आत सरकवला. मग तीच ओळ तिथून थेट दुसऱ्या काठापर्यंत नेऊन सोडली.

आता वळण. पण तिनं गोधडी सुईखाली वळवलीच नाही. दोरा तोडून ती मशीनवरून पूर्ण बाहेर काढली, मांडीवर आडवी फिरवली आणि दुसऱ्या काठाकडून नव्यानं आत घातली. पुन्हा फटका, पुन्हा सरळ ओळ. मग परत बाहेर, परत आत. भाकरीच्या चारी बाजूंनी चार सरळ ओळी एकमेकींना छेदून गेल्या. तुकडा मधे कोंडला गेला. वळायचं कामच पडलं नाही.

शेवटची ओळ काठाला पोचताच रुक्मिणीबाईंनी गोधडी ओढून मांडीवर घेतली. त्यांनी डोळे मिटले आणि त्या ताज्या ओळीच्या सुरुवातीला अंगठा ठेवला. अंगठा थांबला. त्यांनी शेजारची ओळ धरली. मग तिच्या पलीकडची. मग एकदम मधली, अगदी पहिली. काठाकाठानं त्यांचा अंगठा चालला होता आणि प्रत्येक ओळीच्या तोंडाशी थबकत होता. सुभद्राबाईनं आपला हात पदराआड नेला नाही. तो तसाच चाकावर होता.

"समद्या ओळी उठताना लंगडत्यात," रुक्मिणीबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

"हात तसाच हाय माझा."

"दर्ज्याची ओळ अशी उठायची न्हाई."

"न्हाई उठत," नूरमोहम्मद पटकन म्हणाला. "मी अशी ओळ काढली तर माझं गिऱ्हाईक मला जोड्यानं मारंल." मग बोललो काय हे ध्यानात येऊन त्यानं जीभ चावली.

कुणाला हसू आलं नाही. रुक्मिणीबाईंनी डोळे उघडले आणि पहिल्यांदाच सुभद्राबाईच्या त्या हाताकडं पुढ्यात धरल्यासारखं नीट पाहिलं. ताठ बोटं, बोटावरची हळदीनं पिवळी झालेली चिंधी. सुमन दारात उभी होती तिनं चौकट घट्ट धरली.

"चाल हाय," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "तुमचीच हाय."

नूरमोहम्मदला एवढंच पाहिजे होतं. त्यानं हमालाला खूण केली, दोघांनी मशीन उचलली आणि गाडीत टाकली. बैल चालायला लागले. पण गडबडीत शेवटचा दोरा कुणी तोडलाच नव्हता. एक टोक रुक्मिणीबाईंच्या मांडीवरच्या गोधडीत, दुसरं गाडीतल्या मशीनच्या रिळात. रीळ गरागरा सुटायला लागलं. दोरा ओसरीवरून अंगणात, अंगणातून रस्त्यावर. मी म्हणतो तो वेशीपर्यंत गेला होता. नूरमोहम्मद म्हणायचा, फक्त पायरीपर्यंत. तो पडला दर्जी, त्याला मोजून बोलायची सवय.

"आरं थांबा! दोरा!" जमिला ओरडली.

सुभद्राबाईनं दोरा पकडायला हात पुढं केला, पण चिमूट बसली नाही. दोरा ताठ बोटांवरून निसटून पळत राहिला. बाकी कुणा बाईची हात लावायची छाती झाली नाही.

रुक्मिणीबाईंनी दोरा मुठीत पकडला, तोंडाशी नेला आणि दातांनी कचकन तोडला. ओठाला चिकटलेला धागा पदरानं पुसला.

"सुमन," त्या म्हणाल्या, "दिवाळीला मीच आणून सोडीन तुला. आईकडं ऱ्हा धा-पंधरा दिस." आणि मग लगेच आवाज चढवून, "आता हुबी काय ऱ्हायलीस दारात? पोरगी कवाधरनं रडतीया, पाळणा बांधा!"